दोन्ही बाजूंनी सुवार्ता

पंधरा वर्षं तेनालीतल्या तिन्ही थिएटरांच्या पाट्या सुवार्तानं रंगवल्या आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बापाचं नाव घातलं: येसोबु आर्ट्स. त्यातली शेवटची अकरा वर्षं येसोबु चर्चच्या मागं मातीत झोपला होता. मेलेला माणूस दर शुक्रवारी नवा सिनेमा रंगवतोय, आणि गावात एकालाही त्यात वावगं काही दिसत नव्हतं. मलाही नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. मी रिक्षावाल्यांची युनियन चालवायचो. दिवसभर हक्क हक्क म्हणून घसा फोडायचो आणि संध्याकाळी तिच्याच दुकानाच्या पायरीवर बसून चहा प्यायचो. पाटीच्या त्या कोपऱ्याकडे माझी नजर कधी गेली नाही.

दुकान म्हणजे कालव्यापलीकडच्या आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली. येसोबुनं सुरुवात केली ती चर्चच्या भिंतीवर वचनं लिहिण्यापासून. अक्षर इतकं देखणं की थिएटरवाले त्याला कालवा ओलांडून घेऊन गेले. हात घेऊन गेले म्हणा. आत बसून सिनेमा बघायला त्याला पहिली सात वर्षं कुणी बोलावलं नाही.

आमच्याकडे सिनेमाची पाटी भिंतीला टेकवत नाहीत. थिएटरसमोरच्या रस्त्यावर आडवी तार ओढतात आणि तिला एकेका अक्षराचा चौकोनी पत्रा एकेका आकड्यावर टांगतात. कारण पेंढा. भात कापणी झाली की महिना-दीड महिना पेंढ्याच्या गाड्या आणि लॉऱ्या गावातून जातात, आणि आमचे लोक पेंढा असा रचतात की दुमजली घरानं लाजावं. एकसंध फळी टांगली तर पहिलीच गाडी ती घेऊन जाते. सुटे पत्रे मात्र पडद्यासारखे बाजूला होतात, गाडी गेली की दोन-चार गिरक्या घेतात आणि पुन्हा जागेवर लोंबायला लागतात.

आता यातली अडचण. रस्त्याला दोन बाजू. स्टेशनकडून येणाऱ्याला नाव सरळ दिसलं, तर बाजाराकडून येणाऱ्याला तेच पत्रे उलट्या क्रमानं दिसणार. एका मॅनेजरनं अक्कल लढवली होती: पत्र्याच्या पुढं एक अक्षर, मागं दुसरं, म्हणजे एकाच तारेवर दोन्हीकडून नाव सरळ. कागदावर बरोबर होतं. पहिली पेंढ्याची लॉरी गेली, पत्रे गरागरा फिरले, कुणी इकडं तोंड करून थांबला, कुणी तिकडं. पुढचे तीन दिवस गावानं तिथं अशी काही नावं वाचली की मास्तर लोक पोरींना दुसऱ्या रस्त्यानं शाळेत न्यायला लागले. तेव्हापासून ठरलं: प्रत्येक सिनेमाला दोन तारा. एक स्टेशनवाल्यांसाठी, एक बाजारवाल्यांसाठी. पत्रा दुप्पट, रंग दुप्पट, आणि पेंढ्यात दोन्ही तारा एकमेकींच्या झिंज्या धरणार ते वेगळंच.

सुवार्ता बारा वर्षांची असताना 'कुलुकु' नावाचा सिनेमा आला. कुलुकु म्हणजे ठुमका, बाईची लाडिक चाल. येसोबु दुसऱ्या तारेचे पत्रे कापायला बसला तर पोरगी म्हणाली, "नान्ना, याला दुसरी तार कशाला? कु, लु, कु. तिकडून वाचलं तरी कु, लु, कु. दोन्ही अंगांना तेच अक्षर काढा आणि फिरू दे किती फिरायचं ते."

येसोबुनं कात्री खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. वाचलेल्या पत्र्याचं त्यानं घराला छप्पर केलं. सिनेमा शंभर दिवस चालला.

तिथून हे वेड लागलं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर सुवार्ता कोळशानं असे शब्द लिहायची, सुलटे वाचा की उलटे वाचा, एकच. सगळ्यात वर 'विकटकवि', तेनाली रामाचं बिरुद, कारण तो तर आमच्याकडे प्रत्येक पोराला आजीच्या मांडीवरच कळतो. खाली 'कुनुकु', म्हणजे डुलकी. 'पुलुपु', म्हणजे आंबटपणा. 'मडम', म्हणजे टाच. रंगाला घट्टपणा आणायला सरस उकळायची आणि हसायची, की उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांचा हा 'सरस' शब्दही तसलाच निघाला. रिक्षावाले पॅडल मारता मारता शब्द शोधायचे आणि ब्रेक लावून तिला द्यायचे.

"अक्का, 'टमाट' घे."

"टमाट्यावर सिनेमा कोण काढणार रे?"

"तू पाटी तर रंगव. सिनेमा काढणारे येडे मद्रासला बसलेत की."

गावाची समजूत अशी झाली की ज्या सिनेमाचं नाव जाता-येता एकच, त्याचे प्रेक्षकही जातात आणि परत येतात. 'कुलुकु' चालला. 'वलुव', म्हणजे वस्त्र, चालला, तो विणकराच्या सुनेचा. बायका पदर पिळून बाहेर पडायच्या. 'कंदकं', म्हणजे खंदक, तोही चालला. 'पुलुपु' चौथ्या दिवशी उतरला, पण त्याचं नाव कुणी काढत नाही.

मग सत्त्याऐंशीच्या संक्रांतीला 'कंटकं' यायचा ठरला. कंटकं म्हणजे काटा. त्यात हिरो म्हणजे आमचा दोरा. त्याचं खरं नाव आम्ही तोंडानं घेत नाही. दोरा म्हणजे मालक, तेवढं पुरतं. दीड वर्षानं त्याचा सिनेमा येत होता आणि नाव दोन्हीकडून एकच! गाव खुळावलं. रिक्षावाला मस्तान, दोराच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, त्यानं त्या आठवड्यात भाडं नाकारून नाकारून बायकोच्या शिव्या खाल्ल्या, कारण त्याला पताका लावायच्या होत्या.

सुवार्ता सरळ मणिमंजरी थिएटरात गेली. मालक पुन्नय्य चौधरी व्हरांड्यात पान लावत बसले होते. मी सोबत होतो म्हणून हे कानानं ऐकलंय.

"चौधरी गारू, कंटकंची पाटी मी करते. फक्त कोपऱ्यात माझं नाव राहील."

"राहतंच की. येसोबु आर्ट्स."

"ते नान्नाचं. माझं नाव सुवार्ता."

चौधरी हसले. पान गालात सरकवून म्हणाले, "थिएटरवर बाईचं नाव? तू काय हिरॉइन आहेस काय गं? बापाचं नको तर भावाचं घाल. दानियेलु ना तो?"

"दानियेलु सिकंदराबादला रेल्वेचे डबे जोडतो. त्याच्या हातात ब्रश दिला तर तो कान कोरत बसेल."

"मग कोरू दे. नाव पुरुषाचं पाहिजे. लोक काय म्हणतील?"

"तुमच्या थिएटरवर तुमच्या आईचं नाव आहे. लोक काय म्हणाले?"

चौधरींचं चावणं थांबलं. "ती मालकीण होती."

"पाटीची मालकीण मी आहे."

"चल, नीघ. विजयवाड्यातले पेंटर मेले नाहीत अजून."

झालं. विजयवाड्याच्या चक्रधरमला सांगावा गेला. बाकीची दोन थिएटरं चौधरींच्या साडूची आणि भाच्याची. मणिमंजरीची पाटी विजयवाड्याला गेली की ती दोन्हीही जाणार, आणि सुवार्ताच्या हातात राहणार लॉऱ्यांच्या मागं 'हॉर्न वाजवा' लिहिणं. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

माझं डोकं फिरलं. बाहेर पडल्या पडल्या म्हणालो, "उद्यापासून रिक्षा बंद. थिएटरासमोर धरणं. बघतो कसा सिनेमा लावतो."

"बाबाय, जरा गप बस," ती म्हणाली. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनीच मोठा, पण रागावली की मला काका करायची. "तुझ्या धरण्यात तुझंच नाव पेपरात येतं. मला माझं पाटीवर पाहिजे."

"मग नमतं घे. या खेपेला बापाचं लिही, पुढच्या खेपेला बघू."

"पंधरा वर्षं पुढचीच खेप चाललीय माझी."



चक्रधरम माणूस वाईट नव्हता. टोकदार बूट, गळ्यात रुमाल, हातात खरी कला. त्यानं विजयवाड्याहून ट्रकमधून अख्खी लाकडी फ्रेम आणली, वीस हात लांब, दोन्ही अंगांना प्लायवूड, दोन्ही अंगांना 'कंटकं' लाल ऑइलपेंटमध्ये, भोवती लुकलुकणारे दिवे. अक्षरांतून रक्त ठिबकतंय असं काढलं होतं. शेजारी दोराचा तीस हात उंच पुतळ्यासारखा कटआउट. गाव आ वासून बघत होतं. सुवार्ताही आली, बघितली, आणि म्हणाली, "त्या रक्ताच्या थेंबावर उजेड बघ कसा पडलाय. हात चांगला आहे मेल्याचा."

मस्ताननं मात्र डोकं खाजवलं. "साहेब, पेंढ्याचे दिवस आहेत."

"तार चांगली उंच ओढलीय. पेंढा खालून जाईल," चक्रधरम म्हणाला.

"आमच्याकडचा पेंढा खाली वाकून चालत नाही, साहेब."

चक्रधरमनं ते हसण्यावारी नेलं.

सिनेमा लागायच्या दिवशी सकाळी आठला गर्दी जमली होती, तोरणं लागली होती, आणि स्टेशनच्या बाजूनं पेंढ्याची लॉरी आली. ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून दोराचा कटआउट बघत होता. वरच्या पेंढ्यानं फ्रेमचा मधला भाग पोटात घेतला, तार ताणली गेली, आणि जो आवाज झाला तो ऐकून कालव्यावरचे बगळे उडाले. लॉरी थांबली तेव्हा फ्रेम तीन ठिकाणी मोडून पेंढ्यात रुतली होती आणि दिवे अजून लुकलुकत होते. कुणाला लागलं नाही, हे नशीब. ड्रायव्हर खाली उतरून स्वतःहूनच कान पकडून उठाबशा काढायला लागला.

आता आमच्याकडचा रिवाज सांगतो. रिळांचा डबा स्टेशनवर उतरतो, तिथून वाजतगाजत येतो, आणि सिनेमाच्या नावाखालून गेल्याशिवाय थिएटरच्या दारातून आत जात नाही. दोराचाच काय, कुणाच्याच सिनेमाचा नाही. डबा दहाच्या पॅसेंजरनं येणार होता. खेळ अकराचा. डोक्यावर नाव नाही.

"नाव नाही तर डबा नाही," मस्तान मॅनेजरला म्हणाला. "डबा नाही तर खेळ नाही. आणि खेळ नाही झाला तर या सातशे लोकांना तुमच्या खुर्च्या किती मजबूत आहेत ते बघायचंय."

मॅनेजर आमच्या वस्तीकडे पळत आला. सुवार्ता दाराशी बसून पेसरट्टु, म्हणजे मुगाचा डोसा, खात होती. आल्याची चटणी बोटानं निपटत तिनं ऐकून घेतलं.

"मॅनेजर गारू, तुम्ही कशाला तसदी घेतली? मालकांना पाठवा."

"मालक? इकडे?"

"पूल मजबूत आहे. पडणार नाहीत."

साडेआठला पुन्नय्य चौधरी कालव्यावरचा पूल ओलांडून आमच्या वस्तीत आले. त्यांच्या घराण्यातलं कुणी मतं मागण्याशिवाय इकडं आलेलं मी बघितलं नव्हतं. धोतराचा सोगा हातात, कपाळावर घाम. बायका दारादारांत उभ्या. मी तर एका पिंपावरच चढलो, काही सुटायला नको म्हणून.

"दीड तासात होईल?" चौधरींनी विचारलं.

"दोन तारांचं नाव असतं तर देवाला हात जोडले असते. हे एका तारेचं आहे. तीन पत्रे, सहा अंगं. होईल."

"मग उठ की."

"नाव?"

चौधरींनी इकडं-तिकडं बघितलं. "बरं. कोपऱ्यात. बारीक."

"मधल्या पत्र्यावर, 'ट'च्या खाली. दोन्ही अंगांना. वीतभर उंच."

"वीतभर? अगं, ते नाव आहे का तोरण?"

"दहाला पॅसेंजर येते, चौधरी गारू."

पिंपावरून मी ओरडलो, "सगळ्यांसमोर हो म्हणा!" सुवार्तानं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली उतरलो. पण चौधरी सगळ्यांसमोर हो म्हणाले.

मग जे झालं ते काम मी आयुष्यात विसरणार नाही. ऑइलपेंट वाळायला दिवस घेतो, म्हणून तिनं मणिमंजरीच्या व्हरांड्यातच सरस उकळायला टाकला. गरम सरसात रंगाची भुकटी कालवली की रंग पत्र्यावर बसता बसता वाळतो. सरस ढवळायचं काम माझ्याकडे. तो वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. मेलेल्या बैलाशेजारी बसावं तसं. जुने तीन पत्रे खाली घेतले, चुना मारला, आणि ती मोजपट्टी न लावता थेट ब्रश घेऊन भिडली. आमच्या लिपीत टिंब अक्षराच्या डोक्यावर बसत नाही, शेजारी गोल पूज्य होऊन उभं राहतं. ते पूज्य तिनं एका दमात, हात न उचलता, फिरवलं. ते बघून मागून कुणीतरी "आहा" म्हणालं.

चक्रधरम होता. रुमाल खिशात, बुटांना पेंढा चिकटलेला.

"माझी फजिती बघायची असेल तर बघून घ्या," तो म्हणाला. "आणि हात कमी पडत असेल तर एक 'कं' मी करतो."

सुवार्तानं त्याला वरून खाली बघितलं. "सरसात कधी काम केलंय?"

"नाटकाचे पडदे रंगवत मोठा झालो."

"मग घे तो पत्रा. माझ्यासारखं पूज्य काढ, रक्ताचे थेंब नकोत. आणि नाव माझंच राहील."

"ताई, आज माझं नाव माझ्या बायकोलाही सांगू नका."

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सहाही अंगं तयार होती. शेवटी तिनं मधला पत्रा घेतला. 'ट'च्या खाली निळ्या रंगात स्वतःचं नाव लिहायला लागली आणि पहिल्याच अक्षराला थांबली. मला वाटलं रंग घट्ट झाला. तिनं आयुष्यात हजारो नावं लिहिली होती, हे कधी लिहिलं नव्हतं. हाताला त्याची सवय नव्हती. तिनं ब्रश पुसला, पुन्हा बुडवला, आणि लिहिलं. सुवार्ता. मग पत्रा उलटा करून पुन्हा लिहिलं, आणि दुसऱ्या खेपेला हात सरसर गेला.

तार ओढली, पत्रे चढले. खालून टाळ्या पडल्या. स्टेशनकडून वाचा, कंटकं. बाजाराकडून वाचा, कंटकं. वाऱ्यानं पत्रे फिरले, तरी कंटकं. लोक मुद्दाम या बाजूनं त्या बाजूला पळत जाऊन वाचत होते आणि दर वेळी नवल वाटल्यासारखे ओरडत होते.

इतक्यात ढोल ऐकू आले. डबा आला. पुढं दोन सजवलेले नंदी, मागं डबा डोक्यावर घेतलेला मस्तान, आणि त्याच्या मागं पितळी घागरी घेतलेले मंडळाचे लोक. घागरींत दूध. दोराचा सिनेमा म्हटल्यावर अभिषेक आलाच, आणि आमचे लोक अभिषेक सिनेमाच्या नावालाच करतात, थेट पाटीवर. ऑइलपेंट असला की काही बिघडत नाही. सरसाचा रंग मात्र पाण्यासारखं काहीही लागलं की विरघळतो.

सुवार्ता शिडीजवळ होती. तिनं घागरी बघितल्या आणि तिचा चेहरा उतरला. मी पुढं झालो आणि मॅनेजरला म्हणालो, "त्यांना सांगा, आज पाटीवर दूध नको."

पण बोलले चौधरी. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अभिषेक झालाच पाहिजे! दोराचा मान आहे! चढा रे, चढा! मधल्या पत्र्यावर आधी!"

मधल्या पत्र्यावर आधी. माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. डबा नावाखालून गेला की लगेच अभिषेक, आणि तोवर चौधरींची पाटीची गरज संपलेली. दूध पडलं की सगळ्यात आधी वाहून जाणार होतं ते खालचं, निळं. चौधरींनी शब्द पाळला असता, आणि नावही उरलं नसतं. मी चौधरींची गचांडी धरायला निघालो होतो, पण सुवार्ता माझ्या आधी शिडीवर होती. डबा अजून पाटीच्या अलीकडे होता. ती पाचव्या पायरीवर उभी राहिली आणि वळली.

"मस्तान! घागरी घेऊन कुठं निघालात?"

"अक्का, बाजूला हो. दोराचा अभिषेक."

"हा रंग सरसाचा आहे. दुधानं वाहून जाईल. पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाआधी, तुझ्या दोराचं नाव गटारात. चालेल?"

ढोल थांबले. मस्ताननं पाटीकडे बघितलं, मागच्या घागरींकडे बघितलं. मागून कुणी ओरडलं, "अभिषेकाशिवाय सिनेमा चालत नाही!"

"आणि नावाशिवाय चालतो काय रे, गाढवा?" सुवार्ता म्हणाली. "ओतायचंच असेल तर माझ्यावर ओता. सकाळपासून अंगाला सरसाचा वास येतोय, तेवढाच जाईल."

लोक हसले. मस्तान हसला नाही. डोक्यावरचा डबा सावरत तो हळूच चौधरींकडे वळला.

"मालक, सरस आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत त्यातलं..."

"तुमच्या व्हरांड्यात उकळलाय तो," मी म्हणालो. "नाकाला धोतराचा सोगा लावून बसला होतात."

"तरी मधल्या पत्र्यावर आधी म्हणालात," मस्तान म्हणाला. त्यानं वर बघितलं. त्याला वाचता येतं ते सिनेमाच्या पाट्यांवरूनच शिकलेलं, तिच्याच पाट्यांवरून. एकेक अक्षर लावत त्यानं मोठ्यानं वाचलं, "सु... वा... र्ता." मग वळून सातशे लोकांना सांगितलं, "अक्काचं नाव आहे वर! एक थेंब पडला तर त्याची गाठ माझ्याशी!"

सातशे माणसांचा ओरडा मी मोर्च्यात खूप ऐकलाय, मागण्यांसाठी ऐकलाय, आमदारांना शिव्या देताना ऐकलाय. एका रंगारी बाईचं नाव घेऊन उठलेला तो पहिलाच. दूध गेलं कटआउटच्या पायांवर, तिथं चक्रधरमचा पक्का ऑइलपेंट होता. उरलेल्या घागरी मस्ताननं आमच्या वस्तीकडे पाठवल्या, आणि त्या दिवशी वस्तीतल्या प्रत्येक पोराला साखर घातलेलं दूध मिळालं. डबा नावाखालून गेला. चौधरींना दारात उभं राहून नारळ फोडावा लागला, आणि तो पहिल्या फटक्यात फुटला नाही.

सगळे आत शिरले. रस्ता रिकामा झाला. सुवार्ता स्टेशनच्या बाजूला उभी राहिली आणि वर बघत बसली. मग पाटीखालून चालत बाजाराच्या बाजूला गेली, वळली, आणि तिथूनही वाचलं.

"काय, पटलं का?" मी विचारलं.

"'वा' जरा वाकडा झालाय," ती म्हणाली. पण आवाज वेगळाच होता.

तेवढ्यात एक पेंढ्याची गाडी आली. गाडीवानाबरोबर कोलकलूरची एक म्हातारी पेंढ्यावर बसलेली. पत्रे तिच्या डोक्यावरून सरकले, फिरले, जागेवर आले. तिनं मागं वळून विचारलं, "ही सुवार्ता कोण गं? नवी हिरॉइन का?"

"हिरॉइन कसली," सुवार्ता म्हणाली. "रंगारी. मीच ती."

म्हातारीनं तिला नीट निरखून घेतलं. "मग आमच्या गाडीच्या मागं बैल काढून देशील?"

"संक्रांत झाली की ये. नावानं विचार, कुणीही दाखवील."

'कंटकं' एकोणीस दिवस चालला. खरं सांगायचं तर दोरानं त्यात फारच रडारड केली होती. चक्रधरम दुसऱ्याच दिवशी विजयवाड्याला गेला, जाताना सुवार्ताकडून पूज्य कसं काढायचं ते दोनदा बघून गेला. विसाव्या दिवशी मणिमंजरीचा मॅनेजर कालवा ओलांडून आला. पुढच्या सिनेमाचं नाव सात अक्षरी होतं, सुलटं एक आणि उलटं भलतंच. दोन तारा, चौदा पत्रे. चौधरींनी निरोप धाडला होता की काम नेहमीसारखंच करावं.

"नेहमीसारखं म्हणजे?" सुवार्तानं विचारलं.

मॅनेजर चुळबुळला. "म्हणजे... आता जसं आहे तसं."

तिनं यावेळी ऑइलपेंट काढला, पक्का, दुधानं काय पावसानंही न जाणारा. चौदा पत्रे भिंतीला लावून ठेवले, पहिल्या तारेचा मधला उचलला, आणि सिनेमाचं एकही अक्षर काढायच्या आधी खालच्या अंगाला वीतभर उंच स्वतःचं नाव लिहून टाकलं.